आधी विचारा, मग पाना उचला : जुन्या बुलेटचा बिघाड शोधताना

(नाशिक रोड इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न जोडले आहेत.)



बाहेर लागलेल्या गाड्या बघत बघत आत आलो. बुलेट आहेत, येझदी आहेत, कोपऱ्यात एक राजदूतही दिसली. एका बुलेटखाली तेलाचा डाग पडायला सुरुवात झाली आहे. मालकांनी घाबरू नये, त्यावरही बोलणार आहे.

मी आयुष्यभर मोटर मेकॅनिकचं काम शिकवलं आणि केलं. आज दुरुस्तीवर फारसं बोलणार नाही. दुरुस्ती सोपी असते. अवघड असतं ते बिघाड नेमका कुठे आहे हे कळणं. जुन्या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान बिघाडामुळे होत नाही, बिघाड शोधायच्या नावाखाली जे उघडलं जातं त्याने होतं. हे एका गाडीच्या गोष्टीवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी जेल रोडला राहणारा एक मुलगा माझ्याकडे आला. वडिलांची सत्तरच्या दशकातली साडेतीनशे सीसी बुलेट. वडील प्रेसमध्ये होते. नाशिक रोडला प्रेस म्हटलं की नोटांचीच प्रेस, वेगळं सांगावं लागत नाही. सगळ्या पाळ्या त्यांनी याच गाडीवर केल्या. वडील गेले आणि गाडी याच्याकडे आली. तक्रार अशी, की गावात गाडी झकास चालते. सिन्नरला निघालं की चेहेडी, पळसे, शिंदे सगळं नीट जातं आणि मोहदरी घाट चढताना गाडी बंद पडते. अर्धा तास थांबलं की पहिल्या किकला चालू.

मुलाने तोवर प्लग बदलला होता, कॉइल बदलली होती, पॉइंट आणि कंडेन्सर बदलला होता, कार्ब्युरेटर नवीन बसवला होता. शेवटी त्याला सांगण्यात आलं, "आता इंजिनच उतरवावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून घरचे म्हणाले, विकून टाक. तो मला म्हणाला, "काका, एकदा बघा. नाहीच जमलं तर भंगारवाल्याला देतो."

ही गाडी आपण आज रस्त्यात उभी ठेवू आणि थोडा विचार करू.

चार गोष्टी, त्याहून जास्त नाही

पेट्रोलचं इंजिन चालायला चारच गोष्टी लागतात. पेट्रोल आणि हवेचं योग्य मिश्रण, ते दाबलं जाणं, ठिणगी, आणि ती ठिणगी योग्य क्षणी पडणं. इंजिन बंद पडलं म्हणजे या चारपैकी एक गोष्ट गेली. कोणती गेली हे कळायच्या आधी सुटा भाग बदलणं म्हणजे जुगार. डॉक्टरने नाडी न बघता पाच गोळ्या एकदम दिल्या आणि ताप उतरला, तर कोणत्या गोळीने उतरला हे कुणालाच कळत नाही. म्हणून नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलण्याआधी तपासायची.

तपासायची सुरुवात प्रश्नांनी करा. गाडी थंड असताना त्रास देते की गरम झाल्यावर? हळूहळू गुदमरत बंद पडते की चावी काढल्यासारखी खटकन? दिवे लावल्यावर फरक पडतो का? पावसात? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : त्रास सुरू व्हायच्या आधी शेवटचं काम काय केलं होतं? माझा अनुभव असा, की शेवटचा हात जिथे लागला तिथेच पुष्कळ वेळा दोष सापडतो.

या मुलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, खटकन बंद पडते. आणि शेवटचं काम? आठवून आठवून म्हणाला, "पॉइंट बदलले होते. आधी फक्त मिसिंग होतं, बंद पडत नव्हती." ही माहिती त्याच्याकडे पहिल्यापासून होती. त्याला कुणी विचारलीच नव्हती.

जागेवर करायच्या तपासण्या

गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, यामागे दोन वेगळी कारणं असू शकतात.

पहिलं पेट्रोलचं. टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. थोडा वेळ थांबलं की कुठून तरी हवा शिरते आणि गाडी पुन्हा चालते. आपल्याला वाटतं इंजिन थंड झालं म्हणून चालली! तपासणी सोपी आहे. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर चोर सापडला.

दुसरं करंटचं. कॉइल, कंडेन्सर किंवा एखादं इन्सुलेशन तापलं की दगा देतं.

फरक कळायला प्लग काढून बघा. बऱ्याच किक मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल आणि ठिणगी नसेल तर करंटचा प्रश्न. ठिणगी बघताना प्लग टोपीत घालून त्याची धातूची बाजू इंजिनला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ येते, भडका उडायला वेळ लागत नाही.

प्लगचा रंगही बोलतो. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल वर चढतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय. हा पांढरा रंग दुर्लक्षू नका.

आम्ही दोघं त्याच गाडीवर मोहदरीला गेलो. बिघाड दुकानात दिसत नसेल तर तो जिथे दिसतो तिथे जायचं. घाटात गाडी बंद पडली. झाकण उघडलं, आवाज नाही. प्लग काढला, ओला. ठिणगी नाही. म्हणजे टाकी आणि कार्ब्युरेटर सुटले. नव्या कार्ब्युरेटरचे पैसे फुकट गेले होते.

अँपिअर मीटर काय सांगतो

जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या टोपणावर एक छोटा गोल मीटर असतो, अँपिअर मीटर. जुनी मंडळी किक मारण्याआधी त्याच्याकडे बघायची. आता बरेच जण तो शोभेची वस्तू समजतात. खरं तर गाडीच्या नाडीवर कारखान्यानेच ठेवलेलं ते बोट आहे.

बॅटरीचा करंट चावीतून कॉइलमध्ये जातो, कॉइलमधून पॉइंटकडे, आणि पॉइंट मिटलेले असतील तर बॉडीत म्हणजे अर्थला. या वेळी मीटरचा काटा डिस्चार्जकडे झुकतो, साधारण तीन-चार अँपिअर. पॉइंट उघडले की वाट तुटते आणि काटा मधे येतो. त्याच क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होतो आणि प्लगला ठिणगी पडते. म्हणजे चावी चालू ठेवून, दिवे बंद ठेवून इंजिन हळू फिरवलं तर काटा झुकला पाहिजे, परत आला पाहिजे, पुन्हा झुकला पाहिजे. गाडी मोठ्या स्टँडवर घ्या, प्लग काढा, चौथा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने फिरवा. काटा डोलताना दिसेल.

यातून तीन उत्तरं मिळतात.

काटा डोलतोय, तरी ठिणगी नाही : करंट येतोय, तुटतोय. मग कॉइल, कंडेन्सर, प्लगची वायर, टोपी यांच्याकडे बघा. पॉइंटमध्ये मोठ्या ठिणग्या उडत असतील आणि प्लगला फिकट पिवळी पडत असेल तर कंडेन्सरवर पहिला संशय घ्या.

काटा हलतच नाही, शून्यावर : करंट पॉइंटपर्यंत पोचत नाही, किंवा पॉइंटवर घाण आहे. बॅटरी, चावी, वायरचे सांधे, पॉइंटचा पृष्ठभाग बघा.

काटा झुकलेलाच, परत येत नाही : करंटला अर्थला जायला भलतीच वाट मिळाली आहे. पॉइंट उघडले तरी करंट तुटत नाही, म्हणून ठिणगी नाही.

घाटात त्या मुलाला चाक फिरवायला लावलं. काटा झुकलेला आणि चाक कितीही फिरवलं तरी तसाच. मी म्हटलं, "बाळा, तुझं इंजिन ठणठणीत आहे."

आता भलती वाट कुठे मिळाली ते शोधायचं. जागा तीनच. कॉइलपासून पॉइंटपर्यंत येणारी वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली असेल, कंडेन्सर आतून शॉर्ट झाला असेल, किंवा पॉइंटच्या खिळ्याचं इन्सुलेशन गेलं असेल. अंदाज करायचा नाही. एकेक वाट बंद करायची. आधी ती वायर पॉइंटच्या डबीपाशी सोडली. काटा शून्यावर आला, म्हणजे वायर निर्दोष, दोष डबीच्या आत. वायर पुन्हा जोडली आणि कंडेन्सरची तार सोडली. काटा झुकलेलाच, म्हणजे कंडेन्सरही निर्दोष. उरलं काय? पॉइंटची स्प्रिंग ज्या खिळ्यावर बसते तिथला फायबरचा वायसर. काढून बघितला तर तडकलेला, आणि वर चुकीच्या क्रमाने बसवलेला. थंड असताना केसभर फट राहायची, इंजिन तापलं की धातू प्रसरण पावून टेकायचा. पॉइंट बदलताना हे झालेलं.

नवीन वायसर काही रुपयांचा. तो बरोबर क्रमाने लावला, पॉइंटची फट फिलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटरमध्ये आणली आणि त्याच घाटातून सिन्नरला जाऊन चहा पिऊन आलो. ती गाडी आजही जेल रोडला आहे.

एक सावधगिरी सांगतो. ही तपासणी करताना चावी चालू ठेवून गप्पा मारत बसू नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

सहा व्होल्टचं गणित

आपल्या जुन्या गाड्या बहुतेक सहा व्होल्टच्या. दिवा मिणमिणतो, हॉर्न कण्हतो, आणि सगळे बॅटरीला दोष देतात. जरा हिशेब करू. २४ वॉटचा बल्ब सहा व्होल्टवर ४ अँपिअर घेतो, बारा व्होल्टवर २ अँपिअर. समजा गंजलेल्या सांध्यात पाव ओहम अडथळा आहे. सहा व्होल्टच्या गाडीत तिथे १ व्होल्ट खाल्ला जातो, म्हणजे सहातला एक. बारा व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट, म्हणजे चोविसातला एक. तोच गंज सहा व्होल्टला चौपट महाग पडतो.

म्हणून जुन्या गाडीत पहिलं काम अर्थिंगचं. बॅटरीची अर्थ वायर चासीला जिथे लागते तिथला रंग आणि गंज खरवडून काढा. इंजिन ते चासी एक वेगळी जाड वायर टाका. पुष्कळदा रंगकाम करून आणलेली गाडी दिवे द्यायची थांबते, कारण चकचकीत रंगाने अर्थच झाकला जातो. मल्टिमीटर असेल तर दिवा चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या अर्थ टोकाला आणि दुसरं बल्बच्या बॉडीला लावा. शून्याच्या जवळ यायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष अर्थमध्ये, नवीन बॅटरी घेऊ नका.

आवाज, दाब आणि माझी एक चूक

आता मेकॅनिकल बाजू. किकला पूर्वीसारखा विरोध लागत नसेल तर दाब कमी झालाय. आधी डिकॉम्प्रेशन लिव्हरची केबल ताणलेली नाही ना ते बघा. ती ताणलेली असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो. मग टॅपेट. जुन्या बुलेटला इंजिन थंड असताना, पिस्टन दाबाच्या घरात सगळ्यात वर असताना, पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. टॅपेटचा आवाज नको म्हणून घट्ट करणारे लोक व्हॉल्व्ह जाळतात.

हे नीट असूनही दाब नसेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, चार किक मारा आणि पुन्हा बघा. दाब वाढला तर रिंग किंवा बोअर झिजलाय, कारण तेलाने ती फट भरली. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. इंजिन न उघडता अर्धं उत्तर मिळालं.

आवाजासाठी लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या. टोक इंजिनवर, मूठ कानाच्या मागच्या हाडाला. टॅपेटची टकटक वरून येते आणि इंजिनच्या दोन फेऱ्यांत एकदा पडते. थंड असताना खडखड आणि गरम झाल्यावर कमी होत असेल तर पिस्टनची फट. गाडीवर ताण आला की खालून जड ठोके आणि गरम झाल्यावर जास्त, तर मात्र थांबा. ते कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचं बेअरिंग असू शकतं. तेल काढून चुंबक फिरवा, गाळणी बघा. धातूचे कण दिसले तर चालवू नका.

आता चूक. उमेदीच्या काळात एका बुलेटचा असाच खालचा ठोका ऐकला, मोठ्या आत्मविश्वासाने "क्रँक गेला" म्हटलं आणि इंजिन उघडलं. क्रँक सुंदर होता. इंजिन परत बसवताना लक्षात आलं, इंजिन चासीला धरणारा एक बोल्ट ढिला होता. ठोका तिथला. बोल्ट आवळायला पाच मिनिटं लागली असती. त्या गाडीचं कारखान्यातून जुळून आलेलं इंजिन मी उगाच फोडलं, आणि नंतर केसिंगमधून तेल गळायला लागलं ते कायमचं. मालक मला काही बोलले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. तेव्हापासून आवाज आला की मी आधी बाहेरचे सगळे बोल्ट, चेन आणि स्टँड बघतो.

बाहेरच्या तेलाच्या डागाचं राहिलं. जुनी बुलेट महिनोन्महिने उभी राहिली की टाकीतलं तेल झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. चालू केल्यावर ते ब्रीदरमधून बाहेर पडतं, धूरही होतो. लगेच रिंग गेल्या असं समजू नका. थोडं चालवा, मग तेल मोजा.

येझदी आणि राजदूतवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसही हवाबंद असावी लागते, म्हणून तिथे ऑइल सील महत्त्वाचं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल इंजिनात ओढलं जातं, पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्सचं तेल कमी होत जातं. दुसऱ्या बाजूचं, डायनामो किंवा मॅग्नेटोकडचं सील गेलं तर जास्तीची हवा शिरते. प्लग पांढरा पडतो, रेस सोडली तरी इंजिन लवकर खाली येत नाही. ताकदच गेली असेल तर सायलेन्सरच्या आतली काजळी आधी बघा.

श्रोत्यांचे प्रश्न

*उभी गाडी पूर्वीपेक्षा जास्त त्रास देते असं वाटतं. पेट्रोलमुळे?*

एक कारण तेही आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, नेमके पेट्रोल कॉकच्या तोंडाशी. जुने रबर आणि कॉर्कचे वायसरही त्याने खराब होतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा, आणि पाइप, सील नवीन पेट्रोलला चालणारे घ्या.

*सहा व्होल्ट काढून बारा व्होल्ट केलं तर?*

रोज वापरत असाल तर करा, पण कॉइल, बल्ब, हॉर्न, चार्जिंग सगळं बदलावं लागेल. त्याआधी अर्थिंग करून बघा, अनेकांची गरज तिथेच संपते. आणि काढलेला एकही भाग फेकू नका. २०२१ पासून केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आहे. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. आज डब्यात ठेवलेला भाग उद्या बाजारात मिळेलच असं नाही.

*आमच्या मेकॅनिकला हे सगळं विचारत बसायला वेळ नसतो. मग?*

मग तुम्ही लिहून न्या. एक वही करा. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, काय बदललं आणि गाडी कशी बंद पडली. त्या मुलाकडे अशी वही असती तर 'पॉइंट बदलले' ही ओळ पहिल्याच दिवशी दिसली असती. चांगला मेकॅनिक ती वाचतो. जो न वाचताच पाना उचलतो त्याला म्हणा, "दादा, जरा थांबा, आधी मीटरचा काटा बघू."

वेळ संपली आहे. बाहेर पडल्यावर ज्यांच्याकडे बुलेट आहे त्यांनी दिवे बंद ठेवून चावी चालू करा, किक हळू दाबा आणि काटा बघा. ज्यांचा डोलत नाही त्यांनी थांबा, मी इथेच आहे.